तीन आरसे, तीन भिंती

सकाळी ६.४५, साडेसतरा नळी

आधी बिट तपासायचे, मग चहा. ड्रिलच्या बिटच्या टोकाला कार्बाइडचा बारीक तुकडा बसवलेला असतो. तो झिजला की भोक वाकडं आणि सैल पडतं, गिट्टी आत फिरत राहते आणि स्क्रू कितीही पिळला तरी धरत नाही. मिस्त्री एकेक बिट खिडकीच्या उजेडात धरतात आणि गेलेले बाजूला टाकतात. भाचा ६, ८ आणि १० मिलिमीटरचे बिट वेगवेगळ्या डब्यांत लावतो.

मिस्त्री मूळचे बार्शीकडचे. सुतारकाम शिकून पुण्यात आले आणि हळूहळू जड वस्तू भिंतीवर चढवण्याचंच काम त्यांच्याकडे जास्त येऊ लागलं. आरसे, टीव्ही, गीझर, स्वयंपाकघरातली वरची कपाटं, सगळंच. आज तीन आरसे आहेत आणि तिन्ही हडपसरच्या तीन वेगळ्या काळातल्या भिंतींवर.

पिशवीत दोन ड्रिल मशीन जातात. एक साधं, ज्याचा हॅमर बंद करता येतो. दुसरं काँक्रीटसाठीचं दणकट. त्याशिवाय नायलॉनच्या गिट्ट्या, ५० ते १०० मिलिमीटर लांबीचे स्क्रू, पाणसळ, ओळंबा, गुण्या, टेस्टर, साबणाची वडी आणि सायकलचा जुना हवापंप.

७.४५, काचेचं दुकान

सोलापूर रस्त्यावर मांजरीच्या बाजारातून येणारे भाजीचे टेम्पो आणि मगरपट्ट्याकडे निघालेल्या कंपन्यांच्या बस एकमेकांत अडकल्या आहेत. दुकानात दुसऱ्या कामाचा आरसा तयार आहे. ६ फूट बाय ३ फूट, ५ मिलिमीटर जाडीची काच, मागे १२ मिलिमीटरचं प्लाय, भोवती सागाची चौकट.

मिस्त्री वजन अंदाजाने सांगत नाहीत, मांडून काढतात. एक चौरस मीटर काच एक मिलिमीटर जाडीची असेल तर तिचं वजन अडीच किलो. १८ चौरस फूट म्हणजे जवळपास १.६७ चौरस मीटर, तेव्हा ५ मिलिमीटरला काचच २१ किलो. प्लायचे १२ आणि चौकटीचे साडेचार धरले तर आकडा ३८च्या आसपास जातो. गिऱ्हाईक फोनवर "आरसाच आहे हो, हलका आहे" असं म्हणालं होतं.

आरशाची पाठही बघावी लागते. काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची रासायनिक रीत जर्मन रसायनज्ञ युस्टस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये दाखवली. त्याआधी कथील आणि पाऱ्याचा लेप असे. आजही चांदीच्या थरामागे रंगाचं संरक्षण असतं. त्या रंगावर ओरखडा असेल तर पावसाळ्यात तिथून काळा डाग पसरायला लागतो. मिस्त्री कडांवरून बोट फिरवतात, पाठ तिरकी धरून बघतात आणि मगच आरसा 'छोटा हत्ती' टेम्पोत उभा ठेवतात. आडवी ठेवलेली मोठी काच स्वतःच्याच वजनाने वाकते आणि पहिल्या खड्ड्यात तडकते.

९.१५, हडपसर गाव

पहिलं काम जुन्या वाड्यात. रंगकामासाठी उतरवलेला आरसा परत लावायचा आहे. जाड काच, कोरीव सागवानी चौकट, आणि पाठीमागे एकाच खिळ्याला अडकवायची तार.

"होता तिथंच लावा," आजी सांगतात. "कोयनेच्या भूकंपात गणपतीचा फोटो खाली आला होता, पण आरसा जागचा हलला नाही." ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा तो धक्का पुण्यातही जाणवला होता.

मिस्त्री बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत जातात. बराच भाग पोकळ बोलतो. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीवर नंतर कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला आहे. मातीच्या कामाला सिमेंट नीट धरत नाही. आतली ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि गिलावा आतून सुटत जातो. वरून भिंत गुळगुळीत, नव्या रंगाची दिसते.

आरशामागे झाकलं जाईल अशा जागी ते हॅमर बंद ठेवून ६ मिलिमीटरचं एक चाचणीचं भोक पाडतात. आधी करडी पूड येते, नंतर तपकिरी आणि मऊ. माती. मातीत गिट्टी धरायला काहीच नाही. गिट्टी फुगून आजूबाजूला दाबते तेव्हाच तिथे घट्ट बसते, आणि माती दाबली की सरकते.

"मग आधी कसा काय राहिला?" भाचा विचारतो.

उत्तर हाताभर अंतरावर मिळतं. जुन्या खिळ्याच्या भोकात बारीक बिट फिरवल्यावर लाकडाचा भुसा येतो. वाड्याच्या भिंतीत खांब आणि तुळयांचा सांगाडा आहे, आणि ज्याने पहिल्यांदा आरसा लावला त्याने खिळा खांबात मारला होता. मिस्त्री वाजवत वाजवत पुढचा खांब शोधतात. दोन खांबांमधला हा खण पाचेक फुटांचा आहे. तेवढी लांब सागाची पट्टी दोन्ही खांबांवर आडवी बसवायची आणि आरसा पट्टीवर. भिंत नुसती मागे उभी राहील, भार सांगाड्यावर जाईल.

जुनं सागवान दगडासारखं असतं. आधी बारीक भोक पाडून, स्क्रूच्या आट्यांना साबण लावून पिळावं लागतं, नाहीतर स्क्रूचं डोकंच तुटतं. पट्टी पाणसळीवर धरून प्रत्येक खांबात १०० मिलिमीटरचे दोन स्क्रू जातात.

तार मात्र मिस्त्री परत वापरत नाहीत. तार जितकी सपाट ताणलेली, तितका तिच्यावरचा ताण मोठा. दोन्ही बाजू आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येक बाजूवर आरशाच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो. १५ अंशांना तो जवळपास दुप्पट होतो, आणि चौकटीच्या जुन्या कड्या आतल्या बाजूला ओढल्या जातात. म्हणून चौकटीच्या दोन उभ्या पट्ट्यांना दोन पितळी हूक. वजन सरळ खाली.

आजींना पट्टी दिसत नाही. त्या फक्त बघतात की आरसा होता तिथेच आहे.

११.३०, ससाणेनगर

दुसरं काम ऐंशीच्या दशकातल्या चार मजली सोसायटीत. लिफ्ट नाही. ३८ किलोचा आरसा दोघांनी तिसऱ्या मजल्यावर उभाच चढवायचा आहे. वळणावर भाचा खाली, मिस्त्री वर.

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यातली ही भिंत साडेचार इंची, म्हणजे एकेरी विटेची. घरातल्या ताई पेन्सिलने खूण करून तयार आहेत. मिस्त्री खुणेकडे न जाता आधी स्वयंपाकघरात जातात. सिंकचा नळ भिंतीच्या नेमक्या कुठल्या बाजूला आहे, पाइप वर जातो की आडवा, हे ते बघतात. मग हॉलमधला स्विचबोर्ड. भिंतीत दडवलेली वायर शक्यतो बोर्डातून सरळ वर किंवा आडवी जाते. म्हणून बोर्डाच्या वरचा आणि बाजूचा पट्टा वर्ज्य.

"ताई, आरसा आठ इंच डावीकडे घ्यावा लागेल."

"सोफ्याच्या मध्यावर येणार नाही मग."

"सोफा सरकतो, पाइप सरकत नाही."

मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री होते. मशीनसाठी वीज जिन्यातल्या सॉकेटवरून येते.

दिवसातलं सगळ्यात सविस्तर काम हे. आरशाच्या पाठीला आणि भिंतीला एकेक लाकडी पट्टी बसवायची. दोन्हींची एक कड ४५ अंशांत कापलेली असते. भिंतीवरच्या पट्टीची खाच वर आणि भिंतीकडे उतरती, आरशावरच्या पट्टीची खाली. वरून सोडलं की एक दुसरीत बसते, आणि वजन वाढलं तशी ती भिंतीकडे आणखी ओढली जाते. ही पट्टी ९० सेंटिमीटर लांब आहे. तिला चार स्क्रू, २५ सेंटिमीटर अंतरावर. वीट नऊ इंचांची, म्हणजे २३ सेंटिमीटरच्या आसपास. त्यामुळे प्रत्येक स्क्रूला स्वतंत्र वीट मिळते. एकाच विटेत दोन स्क्रू गेले आणि वीट चिरली तर दोन्ही गेले.

भोकाची खोली बिटवर चिकटपट्टी गुंडाळून ठरवलेली आहे. ७५ मिलिमीटर. त्यातले पहिले १५ गिलाव्याचे, ते हिशोबात धरायचेच नाहीत. भिंतीचा गिलावा म्हणजे अंगातला सदरा, त्याला पोतं अडकवायचं नसतं. गिट्टी गिलाव्यातच अर्धी राहिली तर स्क्रू पिळताना ती गिलाव्याला आतून फोडते. भोकाभोवती पोपडा सुटतो आणि गिट्टी त्याच्यासकट बाहेर येते. म्हणून मिस्त्री गिट्टी पंचाने ठोकून गिलाव्याच्या पार, विटेत ढकलतात. मग पट्टीचे १२, गिलाव्याचे १५ आणि गिट्टीचे ५० मिलिमीटर मिळून स्क्रू ७५चा लागतो. दुकानात सहज मिळणारा ५०चा स्क्रू इथे जेमतेम गिट्टीच्या निम्म्यापर्यंत पोचला असता.

पहिलं भोक. गिलावा संपेपर्यंत हॅमर बंद. करडी पूड. मग लाल. वीट लागली. आता हॅमर चालू, पण दाब कमी. एकेरी विटेच्या भिंतीत जोर लावला तर पलीकडे स्वयंपाकघरातला गिलावा उडतो. दुसरं भोकही लाल. तिसऱ्यात पूड करडीच येत राहते आणि बिट सहज आत सरकतो. हा विटांमधला सांधा. जुन्या सांध्यातला मसाला भुसभुशीत असतो. मिस्त्री भोक सोडून देतात आणि दीड इंच वर घेऊन नवं पाडतात. तिथे लाल.

प्रत्येक भोकातली पूड हवापंपाने दोन-तीनदा फुंकून काढली जाते. आत पूड राहिली तर गिट्टी विटेला न धरता पुडीवरच घसरते. हे एक मिनिटाचं काम सगळ्यात जास्त वेळा टाळलं जातं, असं मिस्त्री म्हणतात.

पट्टी बसते, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर येतो. मग भाचा दोन्ही हातांनी पट्टीला लटकतो आणि पाय उचलतो. ताई घाबरतात. भाचा आरशापेक्षा बराच जड आहे आणि पट्टी जागची हलत नाही. चारांतले दोन स्क्रू निकामी झाले तरी उरलेल्या दोघांनी पेलावं, असा मिस्त्रींचा नेम आहे.

आरसा चढल्यावर दोन छोटी कामं उरतात. वरची पट्टी आरशाला भिंतीपासून थोडं पुढे ढकलते, म्हणून खाली तेवढ्याच जाडीचे लाकडी तुकडे लावायचे. आरसा ओळंब्यात राहतो आणि पाठीमागे हवा खेळते, ओल धरत नाही. दुसरं म्हणजे खालच्या कडेला दोन कोन. खाचेत बसलेला आरसा खालून वर उचलला तर निघू शकतो, आणि पुसताना किंवा पोराच्या खेळात तेच होतं. कोन ते अडवतात.

दुपारी १.४५, जेवण

सोसायटीच्या फलकावर दुपारी दोन ते चार ठोकाठोकीला मनाई आहे. डबा गच्चीच्या जिन्यात उघडतो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी.

भाचा हातातली नायलॉनची गिट्टी फिरवत विचारतो, "मामा, पूर्वी हे नव्हतं तेव्हा काय करायचे?"

पूर्वी छिन्नीने भिंतीत चौकोनी खड्डा करून त्यात सागाची गिट्टी ठोकायचे आणि तिच्यात खिळा. मिस्त्रींनी स्वतः तशा ठोकल्या आहेत. लाकूड पावसाळ्यात फुगायचं, उन्हाळ्यात आक्रसायचं आणि काही वर्षांनी सैल व्हायचं. खड्ड्याभोवतीचा गिलावा तर पहिल्याच दिवशी सुटलेला असायचा.

हीच अडचण लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेच्या वस्तू बसवताना आली होती. भिंतींना कमीत कमी इजा करून त्या लावायच्या होत्या. तिथलं काम घेतलेल्या जॉन रॉलिंग्ज यांनी तागाच्या तंतूंची, जनावराच्या रक्ताने चिकटवलेली बारीक नळी बनवली. स्क्रू आत गेला की ती फुगायची. १९११ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडचे जुने मिस्त्री अजून 'रॉल प्लग' म्हणतात तो त्यांच्या नावावरून. नायलॉनची गिट्टी १९५८ ची, जर्मनीतल्या आर्टुर फिशर यांची. त्यांच्या नावावर हजाराहून जास्त पेटंट होती. नायलॉन ओलीने फारसं फुगत नाही, कुजत नाही आणि चारही बाजूंना सारखं दाबतं.

भाचा गिट्टी खिशात टाकतो. त्याला झोप हवी आहे.

४.१५, मुंढव्याच्या बाजूचा टॉवर

मगरपट्टा सिटी मागे टाकून टेम्पो पुढे जातो. शेतकरी कुटुंबांनी आपली जमीन विकण्याऐवजी एकत्र केली आणि साधारण ४०० एकरांवर हे नगर उभं केलं. काम सुरू झालं ते २००० च्या सुमारास. उसाच्या शेतांच्या जागी आलेल्या या सगळ्या पट्ट्यात आता मिस्त्रींची निम्मी कामं असतात.

टॉवरमधल्या तरुण जोडप्याला हॉलमध्ये ८ फूट बाय ४ फुटांचा, ६ मिलिमीटरचा आरसा हवा आहे. ३२ चौरस फूट म्हणजे तीन चौरस मीटरला जेमतेम कमी. नुसती काचच ४५ किलो.

भिंत वाजवली तर आवाज बसका. चाचणीचं भोक पाडलं तर आधी पांढरी पूड, तो जिप्समचा थर. त्यानंतर करडी-पांढरी, पिठासारखी, आणि बिट हाताच्या दाबानेच आत जातो.

"सिपोरेक्स," मिस्त्री म्हणतात.

हवेचे बुडबुडे भरलेले हे हलके ब्लॉक स्वीडनच्या तंत्राचे. चुना, सिमेंट आणि वाळूच्या किंवा राखेच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घातली की वायू तयार होऊन ते फुगतं, आणि मग दाबाखालच्या वाफेत पक्कं केलं जातं. सत्तरच्या दशकात बी. जी. शिर्के यांच्या उद्योगाने मुंढव्यात त्यांचं उत्पादन सुरू केलं. आता कुठल्याही कारखान्याचा ब्लॉक असो, साइटवर त्याला सिपोरेक्सच म्हणतात. वजनाला तो विटेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणून उंच इमारतीला सोयीचा. टांगायला मात्र तितकाच अवघड. विटेतली गिट्टी इथे स्वतःभोवतीचा ब्लॉकच चुरडते आणि हॅमर चालवला तर भोक खड्ड्याएवढं होतं.

"दादा, समोरच्या भिंतीवर चालेल?" ती भिंत मिवानची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं काँक्रीट. तिथे लोखंडी फास्टनर बसतो आणि दहा आरसे पेलतो. बिट सळईला लागला, पुडीत चकाकी आली तर दोन इंच सरकायचं, एवढंच पथ्य.

"तिथे टीव्ही येणार आहे," दादा म्हणतात.

मग मिस्त्री वेगळा मार्ग सांगतात. एवढी काच या भिंतीला टांगायचीच कशाला? जमिनीवर, भिंतीला लागून, आरशाच्या रुंदीचा सागाचा बैठा ठोकळा. त्याच्या खाचेत रबराची पट्टी आणि त्यावर काच उभी. सगळं वजन फरशीवर. भिंतीने फक्त आरशाला पुढे झुकू द्यायचं नाही. त्यासाठी वरच्या आणि बाजूच्या कडांना मिळून सहा पकडी, प्रत्येकीला सिपोरेक्ससाठीची लांब, पंखवाली नायलॉनची गिट्टी. भोक हॅमरशिवाय. ठोकळ्यावर सरळ उभ्या काचेला वर धरून ठेवायला फार थोडा जोर पुरतो, आणि तेवढा ही भिंत सहज देते.

"म्हणजे आरसा तरंगल्यासारखा दिसणार नाही?"

"नाही दिसणार. पण रात्री झोप लागेल."

जोडप्यातल्या ताईंना फरशीजवळचा सागवानी पट्टा आवडतो. प्रश्न मिटतो. साडेसहापर्यंत पकडी लागतात, भाचा काचेवरचे हाताचे ठसे पुसतो.

६.४५, माळवाडी

घरी जाता जाता एका सलूनमध्ये नुसतं बघायचं आहे. दुसऱ्या कुणीतरी दोन वर्षांपूर्वी लावलेल्या लांब आरशाला मधेच काळे ढग आले आहेत. मिस्त्री कडेला नाक नेऊन वास घेतात, आता काही येत नाही. पण डागांचा आकार सगळं सांगतो. मागे सिलिकॉनच्या जिथे रेघा ओढल्या होत्या, तिथेच डाग. वाळताना व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन आम्ल सोडतं आणि ते रंगाचा थर ओलांडून चांदी खातं. आरशासाठी वेगळं, बिनआम्लाचं सिलिकॉन मिळतं. शिवाय हा आरसा नुसत्या त्या रेघांवर, रंगवलेल्या भिंतीला चिकटवलेला आहे. म्हणजे आरसा सिलिकॉनला, सिलिकॉन रंगाला आणि रंग गिलाव्याला धरून आहे. खाली खुर्चीत गिऱ्हाईक दाढीला बसलेलं.

"उद्या सकाळी दुकान उघडायच्या आत येतो," मिस्त्री मालकाला सांगतात. "तोवर मधल्या खुर्चीवर कुणाला बसवू नका." आजच्या दिवसातलं हे एकच काम ते भाव न सांगता पक्कं करतात.

७.४५, गाडीतळ

हार्डवेअरच्या दुकानात नवे बिट, सलूनसाठी खालून आधार देणारी ॲल्युमिनियमची पट्टी आणि गिट्ट्यांचं पाकीट. उड्डाणपुलाखाली बसची रांग. फोन वाजतो. फुरसुंगीहून कुणीतरी विचारतंय, पाच बाय चारचा आरसा लावायला किती घेणार.

"भिंत कशाची आहे?"

"भिंत? साधीच आहे. पांढरी."

"पलीकडे काय आहे? बाथरूम?"

"ते बघावं लागेल. तुम्ही भाव तर सांगा."

मिस्त्री पाकिटातल्या गिट्ट्या मोजत मोजत सांगतात, "परवा सकाळी येऊन एक बारीक भोक पाडतो, आरशामागे झाकलं जाईल असं. त्याचे पैसे नाहीत. पूड बघितली की भाव तिथेच सांगतो."